याकूब मिस्त्रीची वाकडी कमान

आमच्या चर्चच्या कमानीचा साचा गावानं दळून, भाकरी करून खाल्ला, हे मी सांगितलं तर कोणाचाच विश्वास बसणार नाही. अंजू मॅडमचाही बसला नाही. त्यांनी भिंतीवर लाल ठिपका पाडणारं हातातलं यंत्र खाली घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "काका, कमानीचा साचा म्हणजे सेंट्रिंग. ते लाकडाचं असतं."

"असंल तुमच्या जालन्यात. आमचं ज्वारीचं व्हतं. लाल ज्वारी, मिलो म्हनायचे तिला. अमेरिकेहून बोटीत बसून आल्ती. एकशे ऐंशी पोती."

"फादर म्हणाले, काल त्यांना तुम्ही अडीचशे सांगितलीत."

"फादर देवाचा मानूस हाय. त्येंचा विश्वास मोठा, तवा पोती बी जास्तीची लागतात. तुमी इंजिनियर. तुमाला कमी करून सांगितली."

वेदीच्या पायरीवर बसून फरजाना थर्मासमधून चहा ओतत होती. ती हसली नाही. "चाचा," एवढंच म्हणाली. पण त्या एका शब्दात सकाळपासूनचा दम भरलेला होता.

सकाळी तिनं मला घंटेच्या दोरीपाशीच गाठलं होतं. फरजाना ही याकूब मिस्त्रीची मुलगी. चर्चच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स आहे. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे ती गावात कोणालाही दम देऊ शकते, मला तर देतेच.

"चाचा, आज जालन्याची मॅडम येनार हाय कमान बघायला. तुमाला ठाऊक हाय ना, काय लिहिनार हाय ती?"

"ठाऊक हाय."

"मंग जे झालं ते सांगा. बराबर तेवढंच. नमक-मिरची नको."

"नमक-मिरचीबिगर घास गळ्याखाली उतरतो का?"

"आजच्या दिवस उतरवा. अब्बाच्या हातची एवढी एकच कमान हाय साऱ्या दुनियेत."

गोष्ट अशी होती. आमच्या चर्चमधली वेदीवरची कमान डावीकडे चार बोटं बसलेली आहे. समोर उभं राहिलं की वाटतं, देवाच्या घरानं एक भुवई खाली करून आपल्याकडे पाहिलंय. जुन्या माणसांना त्याची सवय झालेली. पण आत्ताचे फादर नवे, वसईकडचे. मिस्सा म्हणजे उपासना करताना त्यांचे डोळे पुस्तकात कमी आणि वर जास्त असतात. तेही खोटं नाही, कमानीखाली पहिल्या रांगेत लेकरं बसतात. त्यांनी वरती पत्र लिहिलं आणि तिकडून या मॅडम आल्या. कमान ठेवायची की पाडून तिथं सिमेंटचा स्लॅब टाकायचा, हे आज संध्याकाळच्या आत त्यांच्या वहीत लिहिलं जाणार होतं.

त्यांनी आल्या आल्या आम्हा दोघांना सरळ सांगितलं होतं. "कमान बांधतानाच बसली असेल, तर पन्नास वर्षं ती तशीच आहे, अजून शंभर वर्षं राहील. मी हात लावू देणार नाही. पण नंतर हळूहळू बसत आली असेल, तर खालचा पाया खचतोय. मग पाडण्याशिवाय इलाज नाही. नुसत्या दगडाकडं बघून मी खात्रीनं सांगू शकत नाही. त्या वेळचं कोणी आहे का?"

त्या वेळचा मी एकटा उरलो होतो. म्हणजे बघा, पन्नास वर्षांच्या कमानीला टेकू कोणाचा, तर बिरू धनगराच्या जिभेचा. परतूरच्या बाजारात जाऊन विचारा त्या जिभेची पत काय आहे ते.

मी म्हणालो, "मॅडम, कमान मागून. आधी कॅथेड्रल बघून घ्या."

"हे कॅथेड्रल नाही, काका. साधं चर्च आहे."

"बिशप जिथं आसन ठेवून बसतो, ते कॅथेड्रल. बराबर?"

"बरोबर."

"मंग आमच्यात बसलेत. चर्च उघडायला आल्ते तवा. धड खुर्ची गावात एकच, याकूब मिस्त्रीच्या घरची, लोखंडी, बायकोला लग्नात आलेली. तिच्यावर बिशप दीड तास बसले. उठल्यावर त्येंच्या पांढऱ्या झग्याला मागून गंजाचा शिक्का. आमी तवाच ठरवलं, हे कॅथेड्रल झालं. शिक्क्यासकट झालं."

मॅडम हसल्या आणि मी त्यांना चर्च दाखवायला निघालो. मला त्यात कोणी मागे टाकू शकत नाही. मी ख्रिस्ती नाही; बिरोबाची जत्रा मी कधी चुकवलेली नाही. पण या चर्चची घंटा पन्नास वर्षं मीच वाजवतोय. तिचा आवाज शहागडच्या पुलापर्यंत जातो आणि रविवारी सकाळी गोदावरीतले मासे वर येऊन तोंड उघडतात, असं मी लोकांना सांगतो. मारियामातेची मूर्ती एस्टीच्या टपावरून आली आणि कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं, हेही सांगतो. तिकीट पूर्ण होतं. पण अर्ध्यात जास्त मजा आहे.

चर्च मात्र सांगण्यासारखंच आहे. बाहेरून काळ्या दगडाचं, बसकं, माळावर बसलेल्या म्हशीसारखं. दारात देवळासारखा कट्टा, कारण याकूब मिस्त्रीनं कट्ट्याशिवाय दार कधी केलेलं नव्हतं. आत शिरलं की एकदम गार. दोन्ही बाजूंना तीन-तीन टोकदार खिडक्या, मशिदीला असतात तशा. खिडक्यांना रंगीत काच पाहिजे होती, ती आणायची कुठून? गावच्या बायकांनी फुटक्या बांगड्या आणून दिल्या आणि मिस्त्रीनं चुन्याच्या जाळीत एकेक तुकडा बसवला. अकरा वाजता ऊन आलं की फरशीवर हिरवे-लाल ठिपके पडतात. म्हाताऱ्या बाया अजून आपापली बांगडी ओळखतात आणि तिथंच बसायला बघतात. नाताळात त्यावरून भांडणंही होतात.

"आणि ही वेदी पश्चिमेला कशी?" मॅडमनी विचारलं. "जुन्या चर्चमध्ये शक्यतो पूर्वेला असते."

"आदत," फरजाना म्हणाली. "अब्बांनी दोन मशिदी बांधल्या व्हत्या. सूत धरलं, की हात आपोआप पश्चिमेकडं."

ते खरं आहे. परदेशातून आलेले फादर लुई नकाशा देऊन तीन दिवस औरंगाबादला गेले होते. परत आले तर पाया भरून झालेला आणि तोंड फिरलेलं. मिस्त्रीनं जीभ चावली. "माफ करना फादर, हात की गलती है." फादर लुई दगडाच्या ढिगावर बसले आणि पोट धरून हसले. म्हणाले, "राहू दे याकूब. सूर्य दारातून येईल." आणि येतो. सातच्या मिस्सेला ऊन दारातून शिरतं, मधल्या वाटेनं माणसासारखं चालत जातं आणि फादर भाकर उचलतात तेव्हा नेमकं त्यांच्या हाताशी पोचतं. यात माझं एक अक्षर नाही. येऊन बघा.

त्या कमानीखालच्या जागेला फादर लुई वेदी म्हणायचे, मिस्त्री मेहराब म्हणायचा आणि आम्ही कामावरची माणसं गाभारा म्हणायचो. "मेहराबमध्ये पाणी मार" म्हटलं, की मी गाभाऱ्यात पाणी मारायचो आणि वेदी ओली व्हायची.

"आता साचा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वही मांडीवर घेतली. फरजानानं मला चहा दिला आणि समोरच बसली.

मी सांगितलं. त्र्याहत्तरचं साल. दुष्काळाचं दुसरं वर्ष. माझ्या साठ मेंढरांतली चौदा उरली होती, म्हणून मी काठी ठेवून घमेलं उचललं. फादर लुई कामाच्या बदल्यात धान्य देत. भिंती झाल्या, खिडक्या झाल्या आणि कमानीपाशी काम अडलं. चौदा फुटांची कमान, तिला साच्याला लाकूड पाहिजे. सगळ्या शिवारात झाड म्हणून उरलेलं नव्हतं. जे होतं ते लोकांनी तोडून जाळलेलं. नेमकी त्याच आठवड्यात मिलोची पोती आली. वाटपाची यादी यायला महिनाभर होता. गोदाम नाही, तर पोती ठेवायची कुठं? चर्चमध्ये, वरती पत्रे होते म्हणून. मिस्त्री त्या पोत्यांकडे तासभर बघत बसला. मग उठला, फादरकडे गेला आणि म्हणाला, "फादर, ये अनाज पड़ा ही है. इसको काम पे लगाएँ?"

"खरंच पोत्यांवर बांधली?" मॅडमनी विचारलं. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

"थरावर थर रचले. वर चिखलाचा गोल घोटला, कमानीच्या आकाराचा. त्याच्यावर एकेक दगड. दोन्ही बाजूंनी चढवत चढवत मधोमध आला. शेवटचा दगड, जो बसला की कमान आपल्या पायावर उभी राहती, त्याला बायांनी कुंकू लावलं, मिस्त्री बिस्मिल्ला म्हनला, फादरनी पानी शिंपडलं. दगड बिचारा लाजला."

"पोती कोणी रचली?"

"मीच. म्हंजे आमी. मंग ऐका मॅडम, तवा काय झालं, त्या चिखलाच्या गोलात मधमाशांनी पोळं धरलं, एवढं मोठं..."

"चाचा," फरजाना म्हणाली.

मी पोळं सोडून दिलं.

चुना धरायला एकवीस दिवस लागतात. तोवर पोतं हलवायचं नाही. ते एकवीस दिवस मी विसरलेलो नाही. लोक सकाळी चर्चच्या दाराशी येऊन उभे राहत. तव्यावरची भाकर फुगताना बघावी, तसे कमान वाळताना बघत. एक म्हातारी रोज मिस्त्रीला विचारायची, "झाली का रं शिजून?" आणि मिस्त्री म्हणायचा, "थोडी कच्ची आहे, मावशी."

सातव्या दिवशी दुपारी आवाज झाला. मोठा नाही, जुन्या बाजेवर कोणी बसावं तेवढाच. डावी बाजू चार बोटं खाली आली. माणसं बाहेर पळाली. मिस्त्री आत पळाला. कमानीखाली पोत्यांना छाती लावून उभा राहिला, जसं काही तोच तिला धरून ठेवणार होता. दगड थांबले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दाढीत चुना होता. सगळं गाव जमलेलं. कोणी म्हणे पाडा, कोणी म्हणे पोती काढा आणि आजच वाटा, भरवसा राहिला नाही. फादर लुईंनी विचारलं, "काय झालं, याकूब?"

तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मेरा हाथ चूका. दुसऱ्या कोनाची गलती न्हाई. पोत्यांना हात लावू नका. अजून चौदा दिवस. पडली तर माझ्यावर पडंल."

एकविसाव्या दिवशी त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. उजवीकडची पोती गड्यांनी काढली. डावीकडची त्यानं एकट्यानं काढली, कोणाला शिवू दिली नाहीत. कमान राहिली. त्याच दिवशी मिलो वाटली. त्या दिवशी गावभर धूर होता, चुलीचा. त्या धुराचा वास मला अजून येतो.

"आणि मिस्त्रींचं?" मॅडमनी विचारलं.

मी चहाचा घोट घेतला. तो प्रश्न मला नको होता.

"मिस्त्रीचं काय! त्याचं नाव पडलं. 'वाकड्या कमानीचा मिस्त्री'. परतूरला मशिदीचा मोठा दरवाजा व्हनार व्हता, ते काम याकूबलाच बोललेलं. दुसऱ्याला गेलं."

"त्याच्यानंतर अब्बांनी कमान बांधली न्हाई," फरजाना म्हणाली. ती मॅडमकडे नाही, वर दगडाकडे बघत होती. "कोनी सांगितलीच न्हाई. हौद बांधले, गव्हानी बांधल्या, संडास तर किती बांधले, मोजदाद न्हाई. सगळे चौकोनी. घरात कागदावर कमानी काढत बसायचे. अम्मी त्या कागदात मिरच्या बांधायची."

"राग नव्हता त्यांना?"

"मी कधी बघितला न्हाई."

मीही बघितला नाही. शुक्रवारी नमाज झाली की याकूब इकडे यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. मी दोरी सोडून त्याच्याजवळ जायचो. तो तंबाखू मळायचा, अर्धी मला द्यायचा. दोघंही वर बघायचो. मी काहीतरी मोठं खोटं सांगायचो आणि तो आवाज न करता, खांदे हलवून हसायचा. एकदा मी म्हणालो, "मिस्त्री, अजून एक तरी कमान व्हायला पाहिजे व्हती तुमच्या हातनं." तो म्हणाला, "एक बस है रे बिरू. लोगां तो एक भी नहीं बांधते."

आठ वर्षांपूर्वी तो गेला. त्याचा जनाजा चर्चच्या रस्त्यानं निघाला तेव्हा मी घंटा वाजवली. तेव्हाचे फादर धावत आले, "बिरू, ही कसली घंटा?" मी म्हणालो, "दोरी तपासून राह्यलो, फादर." बत्तीस टोल दोरी तपासली.

अंजू मॅडम उठल्या. त्यांनी शिडी लावली, कमानीच्या डाव्या अंगाला हात फिरवला, टॉर्च मारला, नखानं चुना खरवडला. खाली आल्या तेव्हा त्यांच्या केसांवर कोळिष्टकं होती.

"काका, तुमचं बरंचसं मला पटतंय. सांधे सगळे घट्ट मिटलेले आहेत. म्हणजे चुना ओला असताना दगड एकदम खाली आले, हे शक्य आहे. मिस्त्रींचा हात चुकला असता तर सांधे फाटले असते. पण तसंच पाया खचूनही होऊ शकतं. माझी एकच अडचण आहे. ज्वारीचं भरलेलं पोतं एकदा दाबून बसलं की सात दिवसांनी आणखी चार बोटं बसत नाही. आणि एकाच बाजूला तर नाहीच. त्या बाजूला खाली काहीतरी वेगळं होतं. काय होतं?"

वर कबुतरानं पंख झटकले.

"घूस," मी म्हणालो.

"घूस?"

"घूस, मॅडम. एवढी." मी हात लांब केले. "कुत्र्याएवढी. दुष्काळात साऱ्या घुशी मेल्या, ही एकटी उरली, चर्चच्या पायात राहायची. हिनं बराबर डाव्या बाजूचं एक पोतं हेरलं. खालून भोक पाडलं आन् सात दिवस बसून खाल्लं. सारं पोतं! दानाही ठेवला न्हाई. वरनं पोतं तसंच दिसायचं, आत पोकळ. सातव्या दिवशी वरचा भार आला आन् कर्रर्र. घूस एवढी फुगली व्हती, तिला त्याच भोकातून बाहेर निघता येईना. तिचं शेपूट मी स्वता..."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. तो एवढासा आवाज. टिक.

"काका, मी घुशीवर सही करू शकत नाही."

"दोन असतील. जोडा असंल."

"दोन घुशींवरही नाही." त्या चिडल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. "तुम्ही गोष्ट फार छान सांगता. पण खाली लेकरं बसतात. कारण सापडलं नाही तर मला पाया खचला असंच धरावं लागेल. पाडा, असं लिहावं लागेल. सॉरी."

त्यांनी वही पिशवीत घातली. यंत्राची पट्टी गुंडाळायला घेतली. मी वर बघितलं. ती भुवई माझ्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं, आणि पन्नास वर्षं जी जीभ मला एकदाही अडली नव्हती, ती टाळूला चिकटून बसली. जे होतं नव्हतं ते सगळं घुशीनं खाल्लेलं.

फरजानानं थर्मासचं झाकण लावलं, फिरवून फिरवून घट्ट केलं.

"चाचा," ती म्हणाली, "घुशीनं पोतं खाल्लं. मानलं. पन खाल्लेल्या पोत्यात मेंढराच्या लेंड्या भरून, काळ्या लोकरीनं त्याचं तोंड शिवून जाती का घूस?"

आमच्या चर्चमध्ये वेदीपाशी कुजबुजलं तरी दारात ऐकू जातं. ती कुजबुजली नव्हती.

"अब्बांनी डाव्या बाजूची पोती एकट्यानं का काढली, तुमाला काय वाटलं? पोतं हातात घेतल्याबरोबर कळलं त्येला. वजन न्हाई. टाका बघितला. तसला टाका गावात एकाच घरी घालतात, घोंगडीला. त्येनं ते मागच्या खड्ड्यात रिकामं केलं, वर चुना टाकला, आन् बाहेर येऊन सगळ्यांसोबत मिलो वाटाया लागला. तुमच्या घरात जयवंताचाची बाळंत व्हऊन आठ दिवस झालते. छातीला दूध न्हवतं. त्या सालात धान्य चोरल्याचं कळलं असतं, तर गावानं तुमाला जित्तं ठेवलं नसतं."

"फरजाना..."

"मला जाता जाता सांगितलं त्येनं. मी म्हनलं, अब्बा, साऱ्या जिंदगीचं काम गेलं तुमचं. तर म्हनला, काम गेलं, लेकरू न्हाई गेलं. आन् म्हनला, बिरूला कळू देऊ नको मला ठाऊक हाय म्हनून. तो शुक्रवारी यायचा बंद व्हईल." तिनं पदरानं नाक पुसलं. "म्हनून आठ वर्सं न्हाई बोलले. आज बोलले. अब्बा रागवंल तर रागवू द्या. पन तुमची शरम झाकायला अब्बाची कमान न्हाई पाडू देनार मी."

अंजू मॅडमनी वही पुन्हा बाहेर काढली होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, ते त्यांनी बरं केलं. टोपण काढलं, पान उलटलं.

"कुठं होतं ते पोतं?"

मी उठलो. गुडघे वाजले. कमानीच्या डाव्या पायाशी गेलो, भिंतीच्या गार दगडावर तळवा टेकवला आणि जमिनीपासून वर मोजत गेलो.

"खालून चौथा थर," मी म्हणालो. "भिंतीकडनं दुसरं."